एर्मितासला उठवू नका

ऑगस्टात डोंगर जळाला, तेव्हा सगळ्या गालिसियानं पाहिलं.
टीव्हीवालेही आले होते.
ऑक्टोबरात तोच डोंगर पावसाबरोबर
खाली उतरू लागला,
तेव्हा आम्हीच होतो फक्त.
झऱ्याला करडं पाणी,
वाळत घातलेल्या चादरींवर काळे ओघळ,
आणि एका सकाळी शाळेच्या पायऱ्यांवर
गुडघाभर चिखल, त्यात कोल्ह्याची कवटी.

मी या खोऱ्यात टपाल वाटते.
अकरा उंबरे.
त्यातले चार आता नुसतेच उंबरे.
तरी त्यांच्या नावानं विजेची बिलं येतात.
ती मी गाडीच्या कप्प्यात साठवते,
कुणाच्या हातात द्यायचा धीर होत नाही.

ज्यांची छपरं गेली ती माणसं शाळेत निजायची.
एर्मितास रांधायची सगळ्यांसाठी,
कोबी, बटाटे, तळाशी एखादं हाड,
दोन्ही वेळा, चाळीस दिवस.
"बस गं जरा," म्हटलं की म्हणायची,
"बसले तर उठायची नाही मी."
आम्ही हसायचो.
ते हसणं मला अजून टोचतं.

एका मंगळवारी तिच्या धुराड्यातून धूर नव्हता.
दार ढकललं,
तर टेबलावर डोकं टेकून ती,
मुठीत अर्धा सोललेला बटाटा, काळा पडलेला.
मी नाकापाशी बोट धरलं.
श्वास होता.
घोरत होती, खरं तर.

काय करायचं असतं अशा वेळी?
मला पोचवणं तेवढं येतं.
म्हणून दारोदार एकच निरोप पोचवला:
एर्मितासला उठवू नका.

चौघांनी तिला उचलून खाटेवर ठेवलं.
बाल्बिनानं तिचे बूट काढले.
पाण्याच्या पाळीवरून एकोणीस वर्षं
दोघींचं बोलणं नव्हतं.
तेव्हाही बोलली नाहीच ती,
ते सुजलेले पाय मांडीवर घेऊन
बसून राहिली दिवेलागणीपर्यंत.

तिकडे शाळेत अमारोनं
आयुष्यात पहिल्यांदा पळी धरली.
मीठ दोनदा पडलं.
आम्ही निमूट जेवलो, घोटाघोटानं पाणी पीत.
छोटा ब्राइस म्हणाला, "समुद्र आहे हा,"
आणि त्यानं आणखी वाढून घेतलं.

गुरुवारी आम्ही डोंगरावर गेलो.
वनखात्याची माणसं मार्चमध्ये येणार होती.
माती काही मार्चपर्यंत थांबणार नव्हती.
अमारोच्या गोठ्यात पेंढा होता,
गाय उरली नव्हती.
तोच पेंढा आम्ही जळक्या उतारावर पसरत होतो,
वाकून, मुठीमुठीनं,
झोपलेल्याची झोप मोडू नये इतपत हलकं.

दुपारी एर्मितास आली वर, काठी टेकत.
"माझ्या पातेल्याला कुणी हात लावला?"
कुणीच बोललं नाही.
तिनं जवळची गवताची पेंढी उचलली,
तर बाल्बिनानं ती काढून घेतली हातातून.
"आज तुझी पाळी नाही."
एकोणीस वर्षांनी पहिलं वाक्य,
आणि तेही पाळीचंच.

मग ती दगडावर बसली.
हातांचं काय करावं तिला कळेना,
मांडीवर बोटं आपोआप
नसलेले बटाटे सोलत राहिली.
हळूहळू थांबली.
बराच वेळ ती उताराकडे बघत होती.
मग ओरडली,
"अरे वरपर्यंत ओढा ना!
खांद्यांना गार लागतं."

आम्ही वरपर्यंत ओढलं.

रात्री पुन्हा पाऊस.
सकाळी झऱ्याचं पाणी करडंच होतं,
कालच्यापेक्षा जरा पातळ,
किंवा मला तसं वाटलं.

ती चार बिलं मी शाळेतल्या चुलीशेजारी ठेवून आले,
काटक्यांच्या ढिगावर.
संध्याकाळी नव्हती.
कुणी घेतली, मी विचारलं नाही.
कालवणात त्या दिवशी मीठ बेताचं होतं.